पाकिटं कमी करून ताजं खायचं, तर मुंबईतल्या नोकरदार घराने नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीत चौघांचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी आठच्या आत घराबाहेर, परत यायला साडेसात. मुलं शाळेत. गेल्या काही वर्षांत घरात बिस्किटं, ब्रेड, इन्स्टंट नूडल्स आणि गोठवलेले तयार पराठे वाढत गेले. ‘ताजं खा, प्रक्रिया न केलेलं खा’ हे ऐकून कान किटले आहेत. रोज पाळता येतील असे साधे नियम हवेत.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. अजिबात प्रक्रिया न झालेलं अन्न आपण फारसं खातच नाही. तांदूळ सडलेला असतो, गहू दळलेला, पोहे कुटलेले, पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं, सुकट वाळवलेली. यात वावगं काही नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून जी ‘नोव्हा’ वर्गवारी मांडली, तिच्यात अन्नाचे चार गट आहेत. पहिल्यात धान्य, डाळी, भाज्या, फळं, मासळी, दूध, दही. दुसऱ्यात तेल, तूप, मीठ, साखर, म्हणजे स्वयंपाकाचे जिन्नस. तिसऱ्यात या दोन्हींतून बनणारं साधं टिकाऊ अन्न: लोणचं, पनीर, बेकरीतला मैदा-यीस्ट-मिठाचा पाव. चौथ्या गटात कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त अन्न येतं. त्याच्या घटकांत आपल्या फळीवर कधीच नसणारे पदार्थ असतात: इमल्सिफायर, माल्टोडेक्स्ट्रिन, कृत्रिम स्वाद, रंग. तुमचं भांडण फक्त या चौथ्या गटाशी आहे. पोहे चालतील का, गूळ चालेल का, फ्रोजन मटार चालेल का, यावर डोकं आटवू नका. मटार चालतो. तो उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला असतो, बस. गूळ मात्र शेवटी साखरच आहे, फक्त रंगाने गडद.

चौथ्या गटावर एवढा रोख का, तर २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग. वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, चोथा आणि सोडियम सारखंच होतं; किती खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर साधारण तेवढीच उतरली. पाकीटबंद अन्न मऊ असतं, फारसं चावावं लागत नाही, भराभर खाल्लं जातं आणि पोट भरल्याचं कळायच्या आत जास्त गेलेलं असतं. कारणं आणखीही असतील, पण हे एक तरी उघड दिसलं.

पाकीट हातात घेतलंत की पुढची चित्रं आणि ‘मल्टिग्रेन’ वगैरे शब्द सोडा, मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे पहिले तीन घटक म्हणजे जवळजवळ तो पदार्थ. ब्राऊन ब्रेडच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं आणि खाली कुठेतरी कॅरमेल रंग १५० असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेड समजा. मिठाचं प्रमाण सोडियममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. नूडल्सच्या एका पाकिटात ८०० मिलीग्रॅम सोडियम असेल, तर २ ग्रॅम मीठ तिथेच संपलं. साखरेला चारने भागा, म्हणजे चमचे कळतात. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे. चहात तेवढी कुणी घालून दिली तर आपण कप परत करू.

आता मुद्द्याचं. पाकीट घरात शिरतं ते चवीपेक्षा दमल्यामुळे. साडेसातला दार उघडलं की कणीक मळायची आहे, कडधान्य भिजवलेलं नाही, खोबरं खवलेलं नाही, मग दोन मिनिटांचं पाकीट फाडलं जातं. कारखाना विकतो ती ही अर्धी तयारी. तीच आपण आपल्या हाताने करून ठेवली, तर वेगळा निश्चय वगैरे लागत नाही. माझ्या मते नोकरदार घराला चारच गोष्टी कायम तयार लागतात: पीठ, मोड आलेलं कडधान्य, वाटण आणि विरजण. भाजणी पाचवी, जमली तर.

पिठाचं आधी. चौघांच्या घराला पाच किलो गहू साधारण पंधरा दिवस जातो. तेवढाच चक्कीवरून दळून आणा. पावसाळ्यात तीनच किलो, कारण मुंबईच्या दमट हवेत पिठाला जाळी लवकर धरते. दळून आणलेलं पीठ गरम असतं. तसंच डब्यात भरलं की वाफ आत कोंडते आणि पिठाला वास येतो, म्हणून परातीत पसरून पूर्ण निवू द्या. बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नका. मोठ्या छिद्रांची चाळणी पुरते. बाजरीचं पीठ वेगळं सांभाळावं लागतं. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो आणि दळल्यावर धान्यातलंच विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करू लागतं, म्हणून आठवड्याभरात पीठ कडवट होतं. एका वेळी किलोभरच दळा आणि उरेल ते फ्रिजमध्ये ठेवा. ज्वारीचं पीठ कडू होत नाही, पण महिनाभरात त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. पीठ टाकून द्यायची गरज नाही. उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, भाकरी जमते.

कडधान्याबाबत लोकांची तक्रार एकच असते, ‘मोड येतात पण वास मारतो’. वाटीभर मटकी धुऊन तिप्पट पाण्यात आठ तास भिजवायची, रात्री घातली तर सकाळी काढायची. मग रोवळीत किंवा चाळणीत किमान दहा मिनिटं निथळत ठेवायची. इथेच चुकतं. घाईत तसंच ओलंगच्च कडधान्य फडक्यात बांधून डब्यात कोंबलं जातं, मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते चिकट होऊन आंबतात. दाणा ओलसर हवा, खाली पाणी साचलेलं नको. सुती फडकं पिळून ओलसर करायचं, पुरचुंडी सैल बांधायची, चाळणीतच ठेवून वर ताटली झाकायची. एप्रिल-मेमध्ये बारा तासांत अर्ध्या इंचाचे मोड येतात, जानेवारीत अठरा ते चोवीस तास धरा. उन्हाळ्यात मधे एकदा पाण्याखालून काढून पुन्हा निथळा. मोड आले की फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. मूग मटकीहून लवकर फुटतो. कडव्या वालांना भिजवण्यासकट दोन दिवस आणि नंतर सोलायचं काम, त्यामुळे बिरडं सुट्टीच्या दिवशीच. मोडांचं कच्चं सॅलड लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि वयस्करांना देऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. पाच-सात मिनिटांची दणदणीत वाफ काढा, नाहीतर सरळ उसळ करा.

वाटण म्हणाल, तर दोन नारळांचं खोबरं आणि अर्धा किलो कांदा वेगवेगळा परतून, लसूण-आलं घालून, शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. बर्फाच्या साच्यात गोठवून ठोकळे डब्यात काढून ठेवा. तीन-चार आठवडे टिकतं, आणि चौघांच्या आमटीला तीन-चार ठोकळे पुरतात. एकदा बाहेर काढून वितळलेलं परत गोठवायचं नाही. नुसतं खवलेलं ओलं खोबरंही असंच गोठवता येतं. सोललेली लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत मात्र बंद करा. तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला अशीच जागा आवडते. आलं-लसूण पेस्ट फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपेल एवढीच.

दह्याला अर्धा लिटर दूध उकळून कोमट करायचं, बोट बुडवून दहा सेकंद सहज ठेवता येईल इतकं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास. चमचाभर विरजण ढवळून झाकून ठेवा. उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत सात-आठ. दह्याला तार सुटू लागली तर विरजण बिघडलं आहे. शेजारून नवं आणा, तेच तेच पुढे नेऊ नका. पाकिटातल्या फळांच्या स्वादाच्या दह्यातली साखर वाचा, मग हा खटाटोप वाटणार नाही.

भाजणीला आपल्याकडचं जुनं ‘रेडी मिक्स’ म्हणायला हरकत नाही. ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ, गहू आणि हरभरा डाळ प्रत्येकी एक वाटी, उडीद डाळ आणि धणे अर्धी-अर्धी वाटी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तांदळाला आणि धण्यांना लागणारा वेळ सारखा नाही. एकत्र भाजलं की धणे जळतात आणि डाळ कच्ची राहते. नीट भाजल्यामुळे ओल जाते आणि बाजरीतलं ते विकरही थंडावतं, म्हणून भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहते. कांदा, कोथिंबीर, तीळ घालून थालीपीठ पंधरा मिनिटांत ताटात पडतं. तयार पराठा गोठलेला काढून भाजायला त्याहून फार कमी वेळ लागत नाही.

भाजी किती आणायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य किंवा अंडी-मासळी-मटण, ३५ ग्रॅम सुकामेवा-तेलबिया, ३०० मिली दूध-दही आणि २७ ग्रॅम तेल-तूप असं माप दिलं आहे. चौघांच्या घराचं, मुलांचं थोडं कमी धरूनही, आठवड्याला नऊ-दहा किलो भाजी होते. बटाटा त्यात मोजू नका, असं मी सांगतो. एक आठवडा पिशव्या वजन करून बघा, उत्तर तिथेच मिळेल. भाजी कमी पडली की पोट बिस्किटांनी भरलं जातं.

एवढी भाजी एकदम आणून टिकत नाही, म्हणून दोन फेऱ्या ठरवा. शनिवारी सकाळी जड भाज्या: दुधी, लाल भोपळा, कोबी, गाजर, शिराळी, फरसबी. आठवड्याच्या मधे संध्याकाळी स्टेशनवरून येताना पालेभाजी. पश्चिम उपनगरांत वसईकडची भाजी घेऊन लोकलने येणाऱ्या बायकांकडे पाला ताजा असतो, पण सकाळी. संध्याकाळी सातला तोच पाला दिवसभर पाणी शिंपडून टवटवीत दिसत असतो. जुडी उलटी करून देठाची कापलेली बाजू बघा. ती तपकिरी, चिकट झाली असेल तर पानं कितीही हिरवी असोत, घेऊ नका.

घरी आणल्यावर पालेभाजी धुऊन फ्रिजमध्ये ठेवायची नाही. निवडायची, ओली असेल तर पंख्याखाली कोरडी करायची, कागदात किंवा सुती पिशवीत गुंडाळून डब्यात. मेथी-कोथिंबीर अशी चार दिवस राहते. प्लास्टिकच्या पिशवीत ओली कोंबली तर दुसऱ्या दिवशी काळी. धुवायची ती करायच्या आधी, आणि चिरायच्याही आधी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पानं बुडवून हलवा आणि मग पानं हातांनी वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. पातेलं चाळणीत ओतलंत की तळाची माती परत पानांवर बसते. तळाला रेती दिसेनाशी होईपर्यंत हे करायचं; पावसाळ्यात तीन-चार पाणी लागतात. फुलकोबीचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, अळ्या बाहेर येतात. वांगी आणि काकडी फार थंडीत बिघडतात, बिया काळवंडतात, काकडी पाणचट होते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दोन-तीन दिवसच. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर.

पावसाळ्यात पालेभाज्यांचा दर्जा घसरतो तेव्हा वेलभाज्या आणि कडधान्यांवर भर द्या, आणि बोरिवली किंवा ठाण्याच्या स्टेशनाबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडच्या रानभाज्या घ्या. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली या सोप्या. शेवळांचं तेवढं जपून. ती घशाला खाजतात; त्यांच्याबरोबर काकड या रानझाडाची फळं घालतात ती त्यासाठीच. विकणारीकडूनच काकडंही घ्या आणि कशी करायची तेही विचारा. अनोळखी पाला स्वतःच्या अंदाजाने तोडून आणू नका.

मासे खाणाऱ्यांना हे काम हलकं जातं. पापलेट, बांगडा, सुरमई घेताना बोटाने दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लाल हवेत, आणि वास समुद्राचा हवा, अमोनियाचा नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा मिळणारं मोठं मासळीचं वाण बरंचसं बर्फातलं किंवा गोठवलेलं असतं. त्या दोन महिन्यांसाठी उन्हाळ्यात वाळवलेला जवळा, सुकट, सुके बोंबील आहेतच. खारवलेला बांगडा मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावा.

डब्याचं गणित वेगळं आहे. आठला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे पाच तास तीस अंशांच्या हवेत. ओलं खोबरं घातलेली भाजी सगळ्यात आधी आंबते, म्हणून डब्याच्या भाजीत दाण्याचं कूट किंवा तीळ वापरा आणि खोबरं रात्रीच्या जेवणाला ठेवा. भाजी गरम असताना झाकण लावू नका, वाफेचं पाणी झालं की ती लवकर उतरते. दहीभात नेताना दही घालून नेला तर दुपारी आंबट ढोण लागतो. कोमट भात दुधात सैल कालवा, विरजणापुरतं चमचाभर दही घाला. जेवायच्या वेळेपर्यंत डब्यातच लागतो. रात्रीचा भात ओट्यावर राहिला असेल तर त्याचा फोडणीचा भात करू नका. भातातल्या जंतूचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, उबेत वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरून गार करा आणि तासा-दीड तासात फ्रिजमध्ये टाका.

वडापावाबद्दल विचारलं जाईलच. बटाटा, बेसन, पाव, लसणीची चटणी. चौथ्या गटातलं यात विशेष काही नाही. अडचण तेलाची आहे. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे पदार्थ, साठत जातात. आपल्याकडच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, पण गाडीवर ती कोण मोजणार? कढईतलं तेल काळपट, फेसाळ आणि घट्ट दिसलं की पुढे चला. घरी तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात परत तळू नका.

सुरुवात कुठून करायची, तर संध्याकाळी पाच ते आठ या वेळेपासून. सगळ्यात जास्त पाकिटं याच वेळेत फुटतात. ऑफिसच्या बॅगेत मूठभर, साधारण ३० ग्रॅम, चणे-शेंगदाणे आणि एक केळं ठेवा, म्हणजे घरी पोचताना भुकेने जीव कासावीस झालेला नसतो. मुलांसाठी डोळ्यांसमोर दिसेल अशा बरणीत भाजक्या पोह्यांचा चिवडा किंवा कुरमुरे, आणि उकडलेली अंडी. बिस्किटं आणू नका. आणून लपवून ठेवली तर मुलं शोधतात. हे तीन-चार आठवड्यांत अंगवळणी पडलं की विरजण आणि कडधान्याचं चक्र लावा. त्यानंतर रविवारी तासभर वाटण आणि भाजी निवडणं, तेही एकाच्या डोक्यावर नको. नवरा, मुलं सगळे बसले तर मेथीच्या दोन जुड्या पंधरा मिनिटांत होतात. नूडल्स आणि कोल्ड्रिंक या टप्प्यावर आणणंच थांबवा. ब्रेडला सगळ्यात शेवटी हात लावा. आठवड्यातून एकदा ब्रेड-ऑम्लेट राहिलं तरी बिघडत नाही, आणि त्या जागी कोपऱ्यावरच्या बेकरीतला साधा पाव आणलात तर यादीही वाचावी लागत नाही.